डोसची चिठ्ठी कामगाराच्या हातात पडू द्या

प्रति,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्रेशर व्हेसल, पाइपिंग आणि फॅब्रिकेशनचे काम करणारे सर्व कारखानदार

विषय : आपल्या आवारात रात्री एक्स-रे काढणाऱ्या रेडिओग्राफी कामगारांच्या किरणोत्सर्ग मात्रेची नोंद

स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्यात दवाखाना चालवते. औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतले असल्यामुळे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या भागातल्या काही कारखान्यांच्या वार्षिक तपासण्याही माझ्याकडे असतात. तुमच्यापैकी काही जण मला ओळखतात. वेल्डरचे डोळे, प्रेस शॉपमधल्या माणसांचे कान, सॉल्व्हंटने फुटलेले हात यांबद्दल आपले बोलणे होते, आणि बरेच जण ऐकतातही. आज मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसे तुमच्या मस्टरवर नाहीत, त्यामुळे माझ्या तपासणीच्या यादीतही येत नाहीत. बाहेरच्या रेडिओग्राफी एजन्सीची ही माणसे रात्री दहानंतर जीपमधून येतात, तुमच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या जॉइंटचे एक्स-रे काढतात आणि पहिली पाळी लागायच्या आत निघून जातात. सकाळी तुमच्या टेबलावर फिल्म आणि रिपोर्ट असतो.

त्यांचे काम किती गरजेचे आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या टाकीच्या, जॉइंटमध्ये भेग किंवा पोकळी राहिली, तर कुठल्यातरी रिफायनरीत किंवा खत कारखान्यात काही वर्षांनी माणसे मरतात. म्हणून गिऱ्हाईक फिल्म पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. रेडिओग्राफी बंद करा असे मी म्हणणार नाही, कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ती फिल्म काढताना त्या मुलाच्या शरीराने किती किरणे घेतली, तो आकडा त्याला कळला पाहिजे. कागदावर, त्याच्या भाषेत, त्याच्या हातात.

आधी थोडे आकडे मांडते, कारण या विषयात एक तर कमालीची भीती दिसते किंवा कमालीची बेफिकिरी, आणि दोन्हींचे कारण आकडे माहीत नसणे हेच आहे.

या कामात किरणांसाठी मुख्यतः इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी धातू वापरतात, फार जाड प्लेट असेल तर कोबाल्ट-६०. कॅमेऱ्याच्या, म्हणजे तो ठेवायच्या जाड पेटीच्या, आतला इरिडियमचा दाणा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. हाच सोर्स. तो ४० क्युरीचा धरा (क्युरी हे त्याच्या तीव्रतेचे एकक), असा सोर्स रोजच्या वापरात असतो. तो कॅमेऱ्यातून बाहेर काढल्यावर एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तासाला साधारण १९० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचे एकक) मात्रा मिळते. अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचे नाही असे बंधन आहे. म्हणजे वर्षभराची मात्रा एक मीटरवर सहा-सात मिनिटांत संपते.

अंतर दहापट वाढवले की मात्रा शंभरपट घटते. दहा मीटरवर हाच आकडा तासाला दोन मिलिसिव्हर्टच्या आत येतो. सोर्स केबलने आत-बाहेर करणारा क्रँक जो फिरवतो तो माणूस लांब केबल टाकून, भिंतीआड उभा राहतो तो याचसाठी. पण हेच गणित उलट्या बाजूनेही चालते. एक सेंटिमीटरवर त्याच सोर्सची मात्रा सेकंदाला सुमारे अर्धा ग्रे होते (इथे एक ग्रे म्हणजे साधारण हजार मिलिसिव्हर्ट). साधारण ३ ग्रेला कातडी लाल पडते. म्हणजे पुरी सहा-सात सेकंदे. पेरू देशात यानांगो येथील जलविद्युत प्रकल्पावर १९९९ मध्ये कॅमेऱ्यातून निसटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरने उचलून पँटच्या खिशात टाकला. ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. काही तास तो खिशात राहिला. पुढे त्याचा पाय कापावा लागला.

शंभर मीटरवर, मध्ये काहीही आड नसेल तर, ४० क्युरीचा सोर्स तासाला सुमारे १९ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.०१९ मिलिसिव्हर्ट, देतो. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आता रबाळ्याचा किंवा पावण्याचा तुमचा प्लॉट डोळ्यांसमोर आणा. शंभर मीटर मोकळी जागा कुणाकडे आहे? शेडला शेड लागून आहे. पत्र्याच्या पलीकडे दुसऱ्याची रात्रपाळी चालू असते, गेटवर वॉचमन असतो, माळ्यावर कँटीनची पोरे झोपलेली असतात. किरणे एकाच दिशेला सोडणारा कोलिमेटर लावला, शिशाच्या पत्र्याची आड घेतली, जॉब, म्हणजे तपासायची वस्तू, खड्ड्यात किंवा काँक्रीटच्या खोलीत नेला तर हे सगळे आटोक्यात येते, आणि चांगल्या एजन्सी ते करतातही. पण कोलिमेटर बसवायला वेळ लागतो, जॉब हलवायला क्रेन लागते, आणि तुमचा माणूस सारखा विचारत असतो, अजून किती जॉइंट राहिले? सकाळी सातला ट्रेलर लागणार आहे.

इरिडियमचे अर्धायुष्य ७४ दिवसांचे. अडीच महिन्यांत सोर्स निम्मा होतो आणि त्याच फिल्मला दुप्पट वेळ लागतो. सोर्स बदलायचा खर्च एजन्सी पुढे ढकलते, तुम्ही दर जॉइंटमागे भाव पाडून घेता आणि रात्र तेवढीच राहते. मग वेळ कुठून भरून काढायचा? दोन शॉटच्या, म्हणजे दोन फिल्मच्या, मध्ये किरणे मोजणारे सर्व्हे मीटर घेऊन, सोर्स ज्यातून सरकतो त्या गाइड ट्यूबपर्यंत जायचे आणि सोर्स खरोखर आत गेला आहे का ते बघायचे, ही पायरी गळते. या धंद्यातले बरेचसे अपघात नेमके याच पायरीवर होतात.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाबद्दल सांगते. जालन्याकडचा, वय विशीच्या आतबाहेर, तळवली गावात चार जणांबरोबर खोली घेऊन राहणारा. एका एजन्सीकडे हेल्पर. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट सुजून लाल झाले होते, पेरावर फोड धरत होता. वेल्डिंगचा चटका बसला म्हणाला. चटका कधी बसला ते मात्र त्याला सांगता येईना. उष्णतेचा चटका बसताक्षणीच कळतो. किरणांचा तसा कळत नाही, त्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि लाली, सूज, फोड हे काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी वर येतात. मी त्याला मागच्या पंधरवड्यातल्या रात्री एकेक करून आठवायला लावल्या. एका रात्री केबल अडकली होती. क्रँक पूर्ण फिरल्यासारखा वाटला म्हणून त्याने जाऊन गाइड ट्यूब हाताने सोडवली. सर्व्हे मीटर जीपमध्ये होते आणि त्याचा सेल उतरलेला होता.

डोस किती आला, मी विचारले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी भलतेच काही विचारले आहे. बॅज ऑफिसात असतो मॅडम, तो म्हणाला, साहेब तीन महिन्यांनी पाठवतात. एजन्सीला मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, रिपोर्ट नॉर्मल आहे. आकडा द्या म्हटल्यावर तो गोपनीय असल्याचे सांगण्यात आले.

हा शब्द ऐकून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कुणापासून गोपनीय? ज्याच्या शरीरात तो डोस गेला त्याच्यापासून?

त्या मुलाला मी पुढच्या उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी मोजल्या गेल्या, त्या ठीक होत्या, म्हणजे पूर्ण शरीराला फार मोठी मात्रा लागलेली नव्हती. बोटे भरून आली, पण पेरावरची कातडी पातळ आणि कोरडी राहिली आहे, ती आता आयुष्यभर जपावी लागेल. नंतर तो दुसऱ्या एजन्सीत लागला असे त्याच्या खोलीतल्या मित्राकडून कळले. त्याच्या जुन्या डोसचा कागद त्याच्याबरोबर गेला असेल असे मला वाटत नाही.

त्याने सांगितलेल्या बॅजबद्दल, म्हणजे डोस नोंदणाऱ्या टीएलडी बिल्ल्याबद्दल, एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसावी, म्हणून लिहिते. हा बॅज कुणाचेही रक्षण करत नाही. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या मिळालेली मात्रा साठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर जो प्रकाश देतात त्यावरून आकडा काढतात. तीन महिने वापरायचा, मग पाठवायचा, मग काही आठवड्यांनी निकाल. त्या रात्री काय झाले ते त्या रात्री सांगतो तो खिशातला डोसीमीटर आणि हातातले सर्व्हे मीटर. शिवाय बॅज छातीवर असतो, बोटांना काय लागले ते त्यावर उमटत नाही. आणि तो छातीवर असला तरच. जीपच्या आरशाला टांगलेला बॅज, कपाटात राहिलेला बॅज, मर्यादा जवळ आली की काम सुटेल या भीतीने मुद्दाम काढून ठेवलेला बॅज, हे सगळे प्रकार मला कामगारांनीच सांगितले आहेत. शेवटच्या प्रकाराला मी त्या पोरांना दोष देत नाही. ज्याला रात्रीच्या हजेरीवर पैसे मिळतात, त्याला आकडा वाढला की घरी बसवणार असतील, तर तो आकडा लपवणारच. तेवढ्या दिवसांची मजुरी मिळेल, दुसऱ्या कामावर ठेवू, असे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे.

नियमांत काय कमी आहे असे म्हणाल, तर फारसे काही नाही. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या २००४ च्या नियमांनुसार मालकाने प्रत्येक कामगाराला त्याच्या डोसची आणि आरोग्य तपासणीची नोंद दरवर्षी द्यायची आहे, त्याने मागितली तेव्हा द्यायची आहे आणि नोकरी सोडताना द्यायची आहे. कामावर घेताना वैद्यकीय तपासणी आणि पुढे किमान तीन वर्षांतून एकदा, हेही त्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात व्यावसायिक डोसची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिथे प्रत्येक कामगाराच्या नावे आयुष्यभराची बेरीज ठेवली जाते. तो एजन्सी बदलून गेला आणि त्याचा जुना क्रमांक नव्या ठिकाणी कळवला गेला नाही, तर मात्र ती बेरीज तुटते. आणि ही मुले एजन्सी फार बदलतात.

हे सगळे कुठे आहे बघा. ब्रिट, म्हणजे देशात इरिडियमचे सोर्स पुरवणारी आणि रोली कॅमेरे बनवणारी संस्था, वाशीत आहे. एईआरबीचे नियामक भवन खाडीपलीकडे अणुशक्तीनगरात. तुर्भ्याच्या शेडमधून निघालेला माणूस तासाभरात देशातल्या किरणोत्सर्गाच्या सर्वांत जाणत्या लोकांच्या दारात उभा राहू शकतो. तरीही घणसोलीतल्या खोलीत परतलेला हेल्पर दूध आणि गूळ खाऊन रेडिएशन उतरवतो. दूध-गुळाने ते उतरत नाही. दारूने तर नाहीच. या सोर्समुळे माणूस स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, त्याच्या बायकोला किंवा बाळाला त्याच्यापासून काही लागत नाही, हेही त्याला कुणी सांगितलेले नसते. नवीन लग्न झालेली मुले माझ्याकडे येतात ती हीच भीती घेऊन येतात. ज्या एजन्सीत आरएसओ, म्हणजे किरण-सुरक्षा अधिकारी, खरोखर साइटवर फिरतो, तिथली मुले असे प्रश्न घेऊन येत नाहीत.

मोठ्या मात्रेचा परिणाम डोळ्यांना दिसतो. लहान मात्रेचा दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या देशांतल्या अणुउद्योगातील तीन लाखांहून अधिक कामगारांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा इनवर्क्स नावाचा अभ्यास आहे. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, २०२३ मध्ये पुन्हा अद्ययावत झाले. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे मिळत गेली तरी कर्करोगाने मृत्यूचा धोका एकूण मात्रेबरोबर वाढत जातो, असे त्यात दिसले. एका माणसापुरती ही वाढ छोटी असते, मी कुणालाही घाबरवू इच्छित नाही. पण ती मात्रेवर अवलंबून असते, म्हणून मात्रा माहीत असणे हाच सगळा मुद्दा आहे. उद्या पन्नाशीत एखाद्याला रक्ताचा कर्करोग झाला किंवा डोळ्यांत अवेळी मोतीबिंदू धरला, तर त्याच्या डॉक्टरने काय पाहून ठरवायचे? आयोनायझिंग किरणांमुळे होणारे आजार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. दावा करायला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे तोच आकडा, जो आज त्याला गोपनीय म्हणून नाकारला जातो.

तुम्ही म्हणाल, परवाना एजन्सीचा, कामगार एजन्सीचा, तपासणी एईआरबीची, मग हे पत्र आम्हाला का? कारण एईआरबीचा निरीक्षक तुमच्या शेडमध्ये रोज रात्री येऊ शकत नाही. तुमचा सुपरवायझर तिथे असतो. गेट तुमचे आहे, जॉब तुमचा आहे, घाई तुमची आहे आणि बिल तुम्ही पास करता. कंत्राटदाराच्या बिलाला पीएफ आणि ईएसआयसीचे चलन जोडलेले नसेल तर तुमचा अकाउंट्सचा माणूस बिल परत पाठवतो. हे तुम्ही कायद्याच्या भीतीने सुरू केले असेल, पण त्यामुळे या पट्ट्यातल्या असंख्य कंत्राटी कामगारांचा पीएफ खरोखर भरला जाऊ लागला. तीच ताकद इथे वापरा. रेडिओग्राफीच्या बिलाला, तुमच्या आवारात काम केलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या मागच्या तिमाहीच्या डोसचा कागद मिळाला, अशी त्याच्या सहीची पोच जोडायला लावा. डोसचा आकडा तुमच्याकडे ठेवू नका. तो त्याचा आहे. तुम्हाला फक्त पोच पुरे.

पर्चेस ऑर्डरमध्ये आणखी दोन ओळी घाला. चालू सर्व्हे मीटर आणि खिशातला डोसीमीटर गेटवर दाखवल्याशिवाय कॅमेरा आत येणार नाही, ही एक. आणि डोस वाढला म्हणून ज्याला कामावरून बाजूला ठेवले त्याची मजुरी चालू राहील, ही दुसरी. या दुसऱ्या ओळीचा खर्च दर जॉइंटमागे तुमच्यावर पडेल, हे मला कळते. तो पडू द्या. ज्यांचे प्लॉट लहान आहेत त्यांनी चार-पाच जणांत मिळून एक काँक्रीटची रेडिओग्राफी खोली बांधावी, एजन्सीमार्फत एईआरबीची रीतसर मंजुरी घेऊन. जॉब तिकडे नेण्याचा त्रास आहे, पण मग शेजारच्या रात्रपाळीला आणि कँटीनच्या पोरांना उगाच मात्रा मिळणार नाही.

जाता जाता एक वेगळीच पण जवळची गोष्ट. तुमच्यापैकी काहींच्या जुन्या प्लांटमध्ये टाकीची पातळी किंवा शीटची जाडी मोजणारे किरणोत्सर्गी गेज असतील. त्यातल्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे, कंपनी बंद पडली तरी ते बंद पडत नाही. या पट्ट्यात किती कारखाने बंद झाले, किती प्लॉट विकले गेले ते तुम्ही जाणता. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने भंगारात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० भंगारवाल्यांनी उघडला. एक कामगार मेला, इतर काही जण रुग्णालयात गेले. आपले भंगार शीळफाट्याला जाते. प्लांट मोडायला देण्याआधी गेजची यादी काढा आणि पुरवठादाराकडे परत पाठवा.

कामगाराला द्यायच्या कागदाचा एक साधा मराठी-हिंदी नमुना मी तयार केला आहे. नाव, राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक, या तिमाहीचा डोस, या वर्षाचा, मागच्या पाच वर्षांचा, आणि मर्यादा किती ते शेजारी. ज्यांना हवा असेल त्यांनी दवाखान्यात निरोप ठेवावा, मी पाठवून देईन. पुढच्या तपासणीच्या फेरीत तुमच्या कारखान्यात येईन तेव्हा रेडिओग्राफीच्या शेवटच्या बिलाची फाइल पाहायला मागणार आहे, हे आताच सांगून ठेवते.

आपली,
एक डॉक्टर,
कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रत माहितीसाठी : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय; अणुऊर्जा नियामक मंडळ